तिसरी चढाई

कबड्डीचा सामना रंगात असता एखादा चढाईपटू उरलेल्या तीन गड्यांच्या पकडीत सापडतो आणि प्रेक्षक म्हणतात, 'नसते धाडस केले!' हा निवाडा परिणाम पाहून दिलेला असतो. धाडस कोणत्या चढाईत केले, हे कोणी विचारीत नाही.

२०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरीत गुण मिळवावाच लागतो. न मिळाल्यास चढाईपटू बाद होऊन प्रतिपक्षास एक गुण जातो. तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी पकड केली, तर त्यांना दोन गुण.

आता हिशेब पाहावा. एक गडी टिपला तर एक गुण मिळतो, सापडल्यास दोन जातात. पहिल्या चढाईत रिकाम्या हाताने परतण्याची मुभा असते. म्हणून तिथे झेप घ्यायची, तर तीनांपैकी दोनदा तरी यशाचा भरवसा हवा. तिसरीत नुसत्या परतण्यालाच एका गुणाचा दंड आहे. तिथे तीनांपैकी एकदाची आशाही पुरते. (बाद गडी मैदानात परतण्याचा लाभ येथे धरलेला नाही.)

अमेरिकी फुटबॉलमध्ये दहा यार्डांसाठी चार प्रयत्न मिळतात. चौथ्या वेळी चेंडू दूर लाथाडावा की पुढे घुसावे, हा पेच याच जातीचा. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी २००६ साली दाखविले, की तेथील संघ गरजेपेक्षा फार अधिक वेळा लाथाडणेच पसंत करीत होते. फसलेले धाडस सर्वांना दिसते. फसलेली सावधगिरी कोणाच्या ध्यानीही येत नाही.