शिर्डीची कॅसेट
ज्या काळी ध्वनिमुद्रणाचा बहुतेक कारभार ग्रामोफोन कंपनीच्या हाती होता आणि तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांत सरे, त्या काळी लोकांनी काय ऐकावे हे बव्हंशी कंपनीच ठरवी. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'तील महंमद रफींच्या कव्वालीने नगर जिल्ह्यातील शिर्डीचे नाव घरोघर नेले; पुढे १९८३ साली स्थापन झालेल्या टी-सीरिजने स्वस्त कॅसेटी बाजारात आणल्या, तेव्हा हा जुना अंमल ढिला झाला. साठ मिनिटांच्या कॅसेटीत एका बाजूस अर्धा तास मावत असल्याने दीर्घ आरत्या सलग ऐकण्याची सोय झाली, आणि प्रसादाच्या पुड्याबरोबर कॅसेट नेणारा भाविक, माझ्या मते, कोणत्याही जाहिरातीहून प्रभावी ठरला. कारण जिला गिऱ्हाईक असे, तीच कॅसेट दुकानदार पुन्हा मागवी.