उशिराचा आकार

वैनगंगेच्या खोऱ्यात, पवनी तालुक्यातील जो सपाट आणि सुपीक मुलूख चौरास या नावाने ओळखला जातो, त्यातील आसगावी वर्षाची मोजदाद पंचांगापेक्षा धानावरूनच अधिक होते. मृगात पऱ्हे टाकायचे, आषाढात रोवणी, दिवाळीच्या मागेपुढे कापणी, मग चुरणे, मग आधारभूत खरेदी केंद्रावरचा काटा आणि त्यानंतर केव्हातरी खात्यात जमा होणारे चुकारे, या क्रमाशी किराणा दुकानदाराच्या उधारीपासून ट्रॅक्टरवाल्याच्या भाड्यापर्यंत सर्वांनी आपापली मुदत जुळवून घेतलेली असते. ‘धान निघाले की देतो’ हा येथे पुरेसा वायदा समजला जातो, कारण ऐकणाराचाही पैसा बहुधा अशाच एखाद्या बांधीत अडकलेला असतो.

अशा गावांत क्रेडिट कार्ड हे शब्द प्रथम रूढ झाले ते १९९८ साली सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्डामुळे. ते कार्ड शेतकऱ्याच्या कालगणनेचा मान राखणारे आहे: हंगामाच्या आरंभी कर्ज उचलावे, पीक हाती आल्यावर फेडावे, आणि मुदतीत फेडणाऱ्यास व्याजात सूट मिळावी, अशी त्याची रचना. महाराष्ट्रात तर डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाच्या सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडल्यास व्याज शून्यावर येते. पुढे बँकांनी खरेदीची क्रेडिट कार्डे खेड्यापाड्यांत पोहोचवली. नाव जवळजवळ तेच असले तरी या दुसऱ्या कार्डाला खरीप ठाऊक नाही आणि रब्बीही नाही. त्याला ठाऊक असते ती केवळ महिन्याची एक तारीख.

माझ्या परिचयाच्या एका तरुण शेतकऱ्याने २० सप्टेंबर रोजी अशा कार्डावर अठरा हजारांचा मोटारपंप घेतला. १२ ऑक्टोबरला देयक निघाले, भरण्याची अंतिम तारीख १ नोव्हेंबर ठरली. पण कापणी, दिवाळी आणि मागोमाग आलेली मंडईची जत्रा यांत ती तारीख निघून गेली, आणि ७ नोव्हेंबरला त्याने अठरा हजारांची पै न् पै भरून टाकली. सहा दिवसांच्या उशिराबद्दल फार तर पन्नास-शंभर रुपये पडतील अशी त्याची समजूत होती. पुढचे देयक घेऊन तो माझ्याकडे आला, तेव्हा कागदावर चार नोंदी होत्या: विलंब शुल्क ९०० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी १६२, व्याज ९९४ आणि त्या व्याजावर पुन्हा जीएसटी १७९, एकूण २,२३५ रुपये. “गुरुजी, सहा दिवसांचे व्याज इतके?” हा त्याचा प्रश्न स्वाभाविक होता.

व्याज सहा दिवसांचे नव्हतेच, ते अठ्ठेचाळीस दिवसांचे होते. ज्यास बिनव्याजी मुदत म्हणतात ती पूर्ण रक्कम तारखेच्या आत भरणाऱ्यासच मिळते. ती चुकली की खरेदीच्या दिवसापासून व्याज धरले जाते. या कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस. अठरा हजारांवर अठ्ठेचाळीस दिवसांचे तेवढेच होते. विलंब शुल्क ही याहून निराळी बाब. ते एकरकमी असते, थकबाकीच्या टप्प्याप्रमाणे वाढते, आणि चार दिवसांसाठीही तितकेच व वीस दिवसांसाठीही तितकेच असते.

येथेच किमान देय रकमेचा मायावी भाग सुरू होतो. किमान रक्कम, जी साधारणतः एकूण देण्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते, वेळेवर भरली की विलंब शुल्क टळते. व्याज टळत नाही. अठरा हजारांवर ९०० रुपये भरणाऱ्याच्या त्या रकमेतून महिन्याचे व्याज ६३० आणि त्यावरील कर ११३ रुपये वजा जाता मुद्दल कमी होते ते अवघे १५७ रुपयांनी. शिवाय बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढते, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानी असते.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये या व्यवहारासाठी जे निर्देश काढले, त्यांत ग्राहकाच्या उपयोगाच्या काही तरतुदी आहेत. अंतिम तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक काळ गेल्याखेरीज विलंब शुल्क लावता येत नाही आणि पतमाहिती कंपन्यांकडे थकबाकीची वर्दीही देता येत नाही. म्हणजे आमच्या मित्राने ४ नोव्हेंबरपर्यंत पैसे भरले असते तर १,०६२ रुपये वाचले असते. व्याजाला मात्र या तीन दिवसांचा आधार आहे असे समजून चालू नये. शुल्काची आकारणी मुदतीनंतर शिल्लक राहिलेल्या रकमेवरच व्हावयाची, मूळच्या संपूर्ण देयकावर नव्हे. आणि न भरलेले शुल्क वा कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावण्यासही मनाई आहे.

आपल्याकडे व्याजाला मर्यादा असावी हा विचार जुना आहे. दामदुप्पटीचा नियम, म्हणजे एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये हा दंडक, मुंबई इलाख्यातील न्यायालयेही मानीत असत. कार्डांच्या बाबतीत २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वार्षिक तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. दर ठरवणे हे रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतले काम, हा त्यामागील युक्तिवाद मला कायद्याच्या दृष्टीने पटतो. बेचाळीस टक्के मात्र कोणत्याही दृष्टीने पटत नाहीत.

त्या तरुणाने बँकेला एक विनंतीवजा अर्ज लिहिला. जुन्या, नियमित ग्राहकाची पहिली चूक असली तर बँका पुष्कळदा शुल्क परत करतात, आणि त्याचे ९०० रुपये करासह परत आले; व्याज गेले ते गेलेच. नंतर त्याने दोन गोष्टी केल्या. देयकाचे चक्र बदलून मागण्याचा ग्राहकाला निदान एकदा हक्क आहे, तो वापरून अंतिम तारीख दूध संघाचे पैसे जमा होतात त्या आठवड्यानंतर आणून ठेवली, कारण धानाच्या चुकाऱ्यांवर महिन्याची तारीख बांधता येत नाही. आणि किमान रकमेचा ऑटो-पे आदेश बचत खात्यावर देऊन ठेवला, म्हणजे विसर पडला तरी शुल्क लागू नये. पूर्ण रक्कम मात्र तो स्वतः, तारखेच्या तीन-चार दिवस आधी भरतो, कारण भरणा आपण केला तो दिवस धरत नाहीत, कार्डाच्या खात्यात जमा झाला तो धरतात.

परवा त्याच्या घरी गेलो तेव्हा ओसरीतल्या दिनदर्शिकेवर दर महिन्याला एक तांबडे वर्तुळ दिसले. त्याचे वडील खाटेवर बसून ते न्याहाळत होते. “सोसायटीवाला निदान घरी येऊन सांगते तरी, गुरुजी,” ते म्हणाले, “ह्या कार्डाचा मानूस कोन्ता, तेच समजत नाही.”