हिंवाळ्यांत विद्यापीठ पाहावयास जातांना

आमच्या वडिलांच्या पिढीस उच्च शिक्षणासाठीं हैदराबादची वाट धरावी लागे. तेथील उस्मानिया विद्यापीठांत शिक्षण उर्दूंतून असे. आमच्या वेळीं १९५८ सालीं स्थापन झालेलें औरंगाबादचें विद्यापीठ होतें. पण घरच्या अडचणींमुळें आम्ही मॅट्रिकवरच थांबलों. पुढें १९९४ सालीं नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालें. गेल्या पौषांत नातीस घेऊन आम्ही अर्धापुराहून निघालों, आणि नांदेड शहर व गोदावरी ओलांडून विष्णुपुरीस तें पाहावयास गेलों. त्या अनुभवावरून वडीलधाऱ्यांस चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

प्रवेशाच्या गर्दींत न जातां हिंवाळ्यांत जावें. मात्र रविवार, सुट्ट्या व परीक्षांचे दिवस टाळावे. सकाळीं गारठा, तर दुपारीं ऊन चटकतें. म्हणून शाल व छत्री दोन्ही जवळ असावीं. पुष्कळ चालावें लागतें, तेव्हां पायांत सवयीच्या वहाणा आणि बरोबर पाणी व दशम्या असाव्या. इमारतींस भुलूं नये. ग्रंथालयांत मुलें वाचीत बसतात कीं नाहीं, वसतिगृहांत जेवणापाण्याची सोय कशी आहे, लवकर अंधारल्यावर परतण्यास वाहन मिळतें कीं नाहीं, हें पाहावें.

आणि प्रश्न मुलांसच विचारूं द्यावे. आम्हीच पुढें होऊन बोलूं लागलों, तेव्हां नात हळूच म्हणाली, “आजोबा, शिकायचं मला आहे ना?” आम्ही मुकाट्यानें बाहेर झाडाखालीं जाऊन बसलों. आपली राहून गेलेली इच्छा नातवंडांच्या माथीं मारूं नये, एवढें त्या कोंवळ्या उन्हांत आम्हांस उमगलें.