गोळीचे वंगण

बैलगाडी कुरकुरू लागली की आपण काय करतो? चाक उतरवतो, कण्यावरची जुनी घाण पुसतो आणि नवे वंगण घालतो. वंगण नसेल तर चाक घासते, कणा झिजतो, बैलांना ओढ जास्त पडते. हे कुणा गाडीवानाला शिकवावे लागत नाही.

जुन्या ठासणीच्या बंदुकीलाही असेच वंगण लागे. त्या वंगणावरून एकदा केवढा भडका उडाला, ते आज पाहू.

ठासणीची बंदूक तोंडाकडून भरतात. आधी नळीत दारू ओततात. ही दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी पूड. मग गोळी घालून ती गजाने ठासतात. बार उडाला की दारू सगळी जळून जाते, असे आपल्याला वाटेल. पण तसे नाही बरं का! निम्म्याहून जास्त भाग दाट धूर आणि काजळी होऊन उरतो. ही काजळी नळीला आतून चिकटते आणि कडक होते. थोडे बार झाले की पुढची गोळी खाली जाता जात नाही.

म्हणून गोळीभोवती तेलात किंवा चरबीत भिजवलेली चिंधी घालत. तिची कामे तीन. गोळी सहज सरके. काजळी मऊ राही. आणि गोळी नळीत घट्ट बसल्यामुळे दारूचा जोर वाया जात नसे.

पुढे १८५३ साली एन्फील्ड नावाची बंदूक निघाली. हीही ठासणीचीच, पण चिंधीचे काम इथे कागद करी. दारू आणि गोळी एकाच कागदाच्या पुडीत असत. तिला काडतूस म्हणत. गोळीकडच्या टोकाला वंगण लावलेले असे. शिपायाने दुसरे टोक दातांनी तोडायचे, दारू नळीत ओतायची आणि कागदासकट गोळी ठासायची.

कंपनी सरकारने ही बंदूक हिंदी शिपायांना द्यायचे ठरवले. वंगणात जनावरांची चरबी होती. कोणत्या जनावराची? याची नीट चौकशी कुणी केलीच नव्हती. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळ डमडमला बोलवा उठली, की ही चरबी गाईची आणि डुकराची आहे. हिंदू आणि मुसलमान, दोघेही हादरले. वस्तू तोंडात घालायची होती ना!

मग सरकार जागे झाले. शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे, अशी मुभा दिली. मेण आणि तेल यांवरही काम भागत होते. पण विश्वास एकदा उडाला तो उडालाच. २४ एप्रिलला मेरठला ९० स्वारांपुढे काडतुसे ठेवली. ती जुन्याच तऱ्हेची होती. तरी ८५ जणांनी हात लावला नाही. त्यांना बेड्या ठोकल्या. १० मे रोजी मेरठची पलटण उठली. आपल्याकडे ३१ जुलैला कोल्हापूरची पलटण उठली.

केवळ काडतुसामुळे हे घडले असे नव्हे. कंपनीने सातारा, झाशी अशी राज्ये खालसा केली होती. असंतोष आधीच साचला होता. काडतूस ही ठिणगी ठरली. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी उत्तरेकडे प्रवासात होते. त्यांनी ‘माझा प्रवास’ या पुस्तकात त्या दिवसांची हकीकत लिहिली आहे. ते १९०७ साली छापले गेले. जरूर वाचा.

यातून काय घ्यावे? वंगण हवेच होते, त्यात चूक नव्हती. चूक ही, की ज्याच्या तोंडी ते जायचे, त्याला आधी कुणी विचारले नाही, काही सांगितलेही नाही. आज खाण्याच्या पाकिटावर शाकाहारी असेल तर हिरवी खूण असते आणि आत काय आहे ते छापलेले असते. आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा घेण्याआधी वाचा. आणि कळले नाही तर विचारा. विचारण्यात लाज कसली?