तरुणपणी विरळ होणारे केस : गैरसमज आणि वस्तुस्थिती

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांतील अडीचशेहून अधिक माणसांचे केस अवघ्या काही दिवसांत झडले, तेव्हा संशयाची सुई सर्वप्रथम पाण्याकडे वळली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके गावांत आली, पाण्यात नायट्रेट व क्षार जास्त असल्याचे आढळले. मात्र विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियम या मूलद्रव्याचे अतिरिक्त प्रमाण हे कारण असल्याचा निष्कर्ष मांडला. बाधितांत स्त्रिया, मुले आणि वृद्ध अशा सर्वांचा समावेश होता आणि बऱ्याच जणांचे केस पुढील काही आठवड्यांत परत उगवू लागले. वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वी येथील बावीस वर्षांच्या तरुणाचे कपाळ दोन्ही बाजूंनी हळूहळू मागे सरकू लागते, तेव्हा त्या घडामोडीचा शेगावच्या प्रकाराशी काडीचाही संबंध नसतो. तरीही घरी, सलूनमध्ये आणि औषधाच्या दुकानात दोहोंना एकाच मापाने मोजले जाते, आणि तरुणपणीच्या टकलाविषयीचे बहुतेक गैरसमज या एका गल्लतीतून जन्माला येतात.

तरुण पुरुषांत केस विरळ होण्याचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे पुरुषी पद्धतीचे टक्कल, ज्यात आनुवंशिकता आणि पुरुषी संप्रेरके या दोहोंचा हात असतो. केस ज्या सूक्ष्म खोबणीत रुजलेला असतो तिला केशपुटक म्हणतात. प्रत्येक केशपुटकातील केस साधारण दोन ते सहा वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने विसावतो आणि गळून पडतो, त्यानंतर त्याच जागी नवा केस उगवतो. या चक्रामुळे निरोगी माणसाचेही दिवसाला पन्नास ते शंभर केस गळतात. उशीवर सापडलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की केस मुळासकट उपटून आला अशी समजूत करून घेतली जाते. प्रत्यक्षात तो ठिपका म्हणजे विसावलेल्या केसाचे फुगीर टोक असते आणि केशपुटक त्वचेत जागच्या जागी शाबूत राहिलेले असते. पुरुषी टकलात बिघडते ते पुढचे काम. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकापासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचे अधिक प्रभावी संप्रेरक तयार होते, आणि ज्या केशपुटकांना त्याची जन्मजात संवेदनशीलता असते ती दर चक्रागणिक आकसत जातात, त्यामुळे जाड काळ्या केसाच्या जागी बारीक केस आणि अखेरीस नुसती लव उरते. म्हणूनच फणीतले केस मोजत बसण्यापेक्षा डोक्यावरच्या केसांची जाडी पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

वर्धा जिल्ह्यात सर्वांत पक्की समजूत आहे ती बोअरवेलच्या पाण्याविषयी. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे केस राठ होतात, साबणाचा फेस नीट होत नाही आणि केस मधूनच तुटतात, हे खरे. परंतु पुरुषी टक्कल त्वचेखालील केशपुटकाच्या आकसण्याने पडते आणि तिथे संप्रेरकांचे राज्य असते. ज्या बादलीने कपाळाजवळचा भाग धुतला जातो त्याच बादलीने डोक्याची मागची बाजूही धुतली जाते, आणि तिथले केस तर पंचाहत्तरीतही दाट राहतात. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधणे, हेल्मेट वापरणे किंवा टोपी घालणे यांनाही हाच न्याय लागू होतो. केस सतत घट्ट ओढून बांधले तर त्या ताणाने ते जाऊ शकतात, पण तो प्रकार वेगळा आणि हेल्मेटचा त्यात दोष नाही.

आनुवंशिकतेविषयी एक अर्धसत्य फार रुजलेले आहे, ते असे की टक्कल आईच्या बाजूने, म्हणजे आजोबा किंवा मामा यांच्याकडून येते. पुरुषी संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहकाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला ते गुणसूत्र आईकडूनच मिळते, त्यामुळे या समजुतीला आधार आहे; परंतु इतर गुणसूत्रांवरील अनेक जनुकेही त्यात सहभागी असतात आणि वडिलांचे टक्कल मुलात उतरणे तितकेच स्वाभाविक आहे. याच्या जोडीला, टक्कल पडलेल्या पुरुषात पौरुष जास्त असते अशी, किंवा हस्तमैथुनाने शक्ती गेल्यामुळे केस जातात अशी, परस्परविरोधी मते एकाच चावडीवर ऐकू येतात. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवले, की वयात येण्यापूर्वी अंडकोष काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, मात्र त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यास, घराण्यात टक्कल असेल तर, ते पडू लागते. टक्कल पडण्यासाठी संप्रेरक लागते, पण ते नेहमीपेक्षा जास्त असावे लागत नाही. टक्कल पडलेल्या बहुतेक पुरुषांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉनची पातळी इतरांइतकीच असते, फरक असतो तो केशपुटकाच्या संवेदनशीलतेत. हस्तमैथुनाचा या साखळीत कुठेही प्रवेश होत नाही.

असे असले तरी प्रत्येक तरुणाचे केस जाणे म्हणजे पुरुषी टक्कलच, असेही धरून चालता येत नाही. टायफॉइड, डेंग्यू यांसारख्या तीव्र तापानंतर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा अचानक वजन घटवल्यानंतर दोन ते तीन महिन्यांनी संपूर्ण डोक्यावरचे केस मूठमूठ गळू लागतात, कारण आजारपणाच्या धक्क्याने असंख्य केस एकदम विसाव्याच्या अवस्थेत ढकलले गेलेले असतात. ताप विसरला गेलेला असतो, म्हणून दोष नव्या शाम्पूला दिला जातो, आणि केस सहसा काही महिन्यांत आपोआप भरून येतात. चाई पडणे, म्हणजे रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा उमटणे, हा शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच केशपुटकांवर केलेला हल्ला असतो आणि त्याचा उपचार निराळा आहे. केस जाण्याची कारणे अशी अनेक असल्यामुळेच थायरॉइडचे विकार व लोहाची कमतरताही तपासावी लागते. त्वचारोगतज्ज्ञ सुमारे पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढतात व किती केस हाती येतात ते पाहतात, मग डर्मोस्कोप या भिंगयुक्त उपकरणातून जाड व बारीक केसांची सरमिसळ तपासतात. जवळजवळ असलेल्या केसांच्या जाडीत बराच फरक दिसला की पुरुषी टकलाचे निदान बळकट होते. यासाठी नागपूर गाठण्याची गरज नाही, कारण सेवाग्राम येथील १९६९ मध्ये स्थापन झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय या दोन्ही ठिकाणी त्वचारोग विभाग आहेत.

घरगुती उपायांत तेलाचे स्थान मानाचे आहे आणि ते केसांना मऊपणा देते, घर्षण कमी करते. आकसलेले केशपुटक मात्र त्याने पुन्हा फुलत नाही. वस्तऱ्याने डोके तासल्यास केस दाट येतात हा भास होतो, कारण कापलेल्या केसाचे टोक बोथट असते. कांद्याच्या रसाची २००२ साली एक लहान चाचणी झाली होती, परंतु ती चाईच्या रुग्णांवर. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या तर, त्याची कमतरता क्वचितच असूनही, सर्रास खपतात, आणि त्यांचा खरा उपद्रव असा की रक्तातील थायरॉइडच्या व हृदयविकाराच्या काही तपासण्यांचे आकडे त्या चुकवू शकतात. औषध नियम १९४५ च्या ‘जे’ परिशिष्टात, जे रोग बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही त्यांच्या यादीत, टकलाचे नाव आहे. एसटी स्थानकाच्या भिंतींवरील भित्तिपत्रकांना ही यादी कोणी वाचून दाखवलेली दिसत नाही.

ज्या दोन औषधांना भक्कम पुरावा आहे त्यांतील पहिले मिनॉक्सिडिल. मुळात ते उच्च रक्तदाबावरील गोळी म्हणून आले, पण ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याच्या डोक्याला लावण्याच्या द्रावणाला मान्यता मिळाली. ते केसांची वाढीची अवस्था लांबवते. पाच टक्के द्रावण सहसा दिवसातून दोनदा केसांना नव्हे तर कोरड्या त्वचेला लावावे लागते. पहिल्या काही आठवड्यांत केस उलट अधिक गळतात, कारण नव्या केसांना जागा देण्यासाठी विसावलेले केस बाहेर पडतात, आणि नेमके तेव्हाच औषध बाधले म्हणून ते सोडून दिले जाते. गुण दिसायला चार ते सहा महिने लागतात. लग्नाची तारीख निघाल्यावर दीड महिना आधी बाटली आणणाऱ्या नवरदेवाने म्हणूनच विचार करावा. मांडवात तो पूर्वीपेक्षाही विरळ दिसण्याचा संभव आहे.

दुसरे औषध फिनास्टेराइड, ज्याच्या एक मिलिग्रॅमच्या रोजच्या गोळीला १९९७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर करणारे विकर ते रोखते. अठरा ते एक्केचाळीस वयोगटातील पुरुषांवरील मूळ चाचण्यांत दोन वर्षांनंतर औषध घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के जणांच्या केसांची संख्या टिकून राहिली, तर औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होते. या गोळीने नपुंसकत्व येतेच, ही भीती अतिरंजित आहे, तशीच तिला काहीच दुष्परिणाम नाहीत ही दुकानदाराची ग्वाहीही खोटी आहे. कामेच्छा कमी झाल्याची तक्रार त्या चाचण्यांत १.८ टक्के जणांनी केली, तर नुसती गोळी घेणाऱ्यांत १.३ टक्के जणांनी. परंतु औषध बंद केल्यानंतरही लैंगिक तक्रारी टिकून राहिल्याच्या नोंदी आहेत, आणि मे २०२५ मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या समितीने आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडच्या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याची पुष्टी केली. हे प्रमाण कमी असले तरी नैराश्याचा पूर्वेतिहास असलेल्या तरुणाने तो डॉक्टरांपासून लपवू नये, आणि मनःस्थितीत बदल जाणवल्यास गोळी थांबवून तत्काळ डॉक्टरांना गाठावे. हे औषध चिठ्ठीशिवाय विकण्यास परवानगी नाही; फुटलेल्या गोळीला गर्भवती स्त्रीने हात लावू नये, कारण पोटातील मुलग्याच्या जननेंद्रियांच्या घडणीवर त्याचा परिणाम होऊ शकतो.

दोन्ही औषधांविषयीचा सर्वांत महाग पडणारा गैरसमज असा, की सहा महिन्यांचा कोर्स झाला की काम फत्ते होते. औषध थांबवले की टिकवलेले केस साधारण वर्षभरात निघून जातात, त्यामुळे उपचार सुरू करण्याचा निर्णय हा अनेक वर्षांच्या खर्चाचा व नियमितपणाचा निर्णय असतो, आणि तो न घेणे हाही वैद्यकीयदृष्ट्या पूर्णतः रास्त पर्याय आहे, कारण या टकलाने शरीराला कसलीही इजा होत नाही. केस बारीक कापून ठेवले तर त्वचा व केस यांच्या रंगातील तफावत कमी होते आणि विरळपणा कमी डोळ्यांत भरतो. स्वतःच्या रक्तातील प्लेटलेट वेगळ्या करून डोक्यात टोचण्याच्या, पीआरपी नावाच्या उपचाराला काही अभ्यासांनी अनुकूल कौल दिला आहे, परंतु ते करण्याची एकसारखी पद्धत अजून ठरलेली नाही.

प्रत्यारोपणात डोक्याच्या मागच्या बाजूची, संप्रेरकाला दाद न देणारी केशपुटके काढून पुढे रोवली जातात. त्यात नवा केस निर्माण होत नाही, फक्त जागा बदलते, आणि मागची पुंजी मर्यादित असते. विशीतील तरुणाचे टक्कल पुढे कुठवर जाणार हे ठरलेले नसते, म्हणून पंचविशीच्या आत कपाळाची पुढची ओळ भरून घेतल्यास, मागचे मूळचे केस सरकत गेल्यावर, पुढे एक वेगळे बेट उरण्याचा धोका असतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले, की ही शस्त्रक्रिया प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावी, आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे. म्हणून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी सुरी कोणाच्या हाती असेल, त्या व्यक्तीचे नाव व महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणी क्रमांक विचारून घ्यावा, आणि भूल देणारे कोण हेही त्याच बैठकीत विचारावे.