काचेपलीकडे (भाग ९) : ऑस्करची जोडी

दुकानात ऑस्कर विकला जातो तो बोटाएवढा असताना. काळपट अंगावर पांढऱ्या नागमोडी रेघा, टपोरे डोळे आणि काचेजवळ माणूस आला की धावत पुढे येण्याची सवय. गिऱ्हाईक तिथेच विरघळतं. पिशवीत बांधून आणलेली दोन-तीन पिल्लं दोन फुटी टँकमध्ये सुटतात, आणि खाणं नीट असेल तर पहिल्या काही महिन्यांत दर महिन्याला जवळजवळ इंचभर वाढतात. वर्षभरात मासा वीतभर होतो. पूर्ण वाढ तीस-पस्तीस सेंटिमीटर आणि आयुष्य सहज दहा वर्षांच्या पुढचं. दुकानदार बहुधा हे दोन आकडे सांगत नाही.

हा मासा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, संथ वाहणाऱ्या गढूळ पाण्यातला. १८३१ मध्ये लुई अगासी या निसर्गशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं तेव्हा त्याने त्याला चक्क समुद्री मासा समजून भलत्याच प्रजातीगटात बसवलं होतं. शेपटीच्या मुळाशी नारिंगी कडा असलेला काळा ठिपका असतो. लांबून तो डोळ्यासारखा दिसतो, आणि पर कुरतडणाऱ्या पिरान्हांना तो चकवत असावा, असा एक अंदाज आहे. सिक्लिड कुळातल्या सगळ्यांप्रमाणे ऑस्करच्याही घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. पुढच्या जबड्याने पकडायचं, मागच्याने चिरडायचं. गोगलगाय, कोळंबी, किडे, लहान मासे यातलं काहीही मग वर्ज्य राहत नाही. तरीही जिवंत गोल्डफिश खायला घालण्याची हौस वाईटच. त्यांच्यातून रोग येतात आणि त्यांच्या मांसातलं थायामिनेज हे विकर ऑस्करच्या शरीरातलं ‘ब’ जीवनसत्त्व नासवतं.

एका ऑस्करला चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँक लागतो, म्हणजे साधारण अडीचशे लिटर पाणी. जोडी ठेवून पिल्लं काढायची तर सहा बाय दोन बाय दोन. आता हिशेब पाण्याचा उरत नाही, इमारतीचा होतो. पाणी, बारा मिलिमीटरची काच, स्टँड आणि वाळू मिळून वजन साडेसातशे किलोंच्या पुढे जातं. फ्लॅटमध्ये असा टँक खोलीच्या मधोमध नव्हे, तर खाली तुळई असलेल्या भिंतीलगत ठेवतात. शोभेच्या वनस्पतींवर खर्च न केलेला बरा. ऑस्कर त्या मुळासकट उपटतो, वाळू उकरतो, दगड ढकलतो. हिटरची काच त्याने फोडल्याचेही प्रकार होतात, म्हणून हिटरला जाळीचं आवरण घालावं लागतं.

फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं काय करतात, हे भाग ४ मध्ये आलंच आहे. ऑस्कर भरपूर खातो आणि तितकीच घाण करतो, त्यामुळे फिल्टर दांडगा हवा आणि आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलायला हवं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायला दुकानात जे अँटिक्लोरीनचे खडे मिळतात, ते म्हणजे सोडियम थायोसल्फेट.

खरी गंमत जोडी जमवताना येते. नर-मादी बाहेरून सारखेच दिसतात. विणीच्या सुमारास पोटाखालची नळी बाहेर येते तेव्हाच फरक कळतो. नराची बारीक, टोकदार; मादीची रुंद, बोथट. पण नर आणि मादी आणून एकत्र सोडले म्हणजे जोडी झाली असं नाही. मोठा मासा धाकट्याला रातोरात फाडू शकतो. अनुभवी माणसं म्हणून सहा-आठ पिल्लं एकत्र वाढवतात आणि निवड माशांवर सोडतात. एक-दीड वर्षाने त्यातले दोघं एक कोपरा धरतात आणि बाकीच्यांना हुसकावू लागतात. एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून ते जी झोंबाझोंबी करतात, ती नवख्याला भांडणच वाटते. ती बहुधा परीक्षा असते.

जोडी सपाट दगड तोंडाने घासून स्वच्छ करते. मादी त्यावर रांगा लावत अंडी घालते, नर मागोमाग जाऊन ती फळवतो. संख्या हजार ते तीन हजार. ताजी अंडी दुधी दिसतात आणि दिवसभरात पारदर्शक होतात. घाईचा माणूस ‘मेली’ म्हणून दगड बाहेर काढतो, आणि काम तिथेच संपतं. खरोखर मेलेली अंडी पांढरीच राहतात, त्यांच्यावर बुरशीचा कापूस चढतो आणि आई-बाप ती वेचून काढतात. पर हलवून अंड्यांवर पाणी खेळतं ठेवणं हे दोघांचं पाळीपाळीने चालतं. पहिल्या एक-दोन विणींत ते सगळीच अंडी खाऊन टाकतात. त्यात काळजीचं काही नाही, जोडी शिकते.

अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात तीनेक दिवसांत अंडी फुटतात. वळवळणारी पिल्लं आई-बाप वाळूतल्या खड्ड्यात नेऊन ठेवतात. पुढचे काही दिवस ती पोटाच्या पिशवीतल्या बलकावर जगतात आणि आठवड्याभराने पोहू लागतात. त्या दिवशी खाऊ म्हणून आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या जिवाची ताजी पिल्लं हाताशी हवीत. आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात हवा सोडून उबवायला एक ते दीड दिवस लागतो, त्यामुळे बाटली आदल्या दिवशीच लावलेली बरी.

जोडी जमवण्यात नव्वदच्या दशकात मलेशियात संकरातून घडवलेल्या फ्लॉवरहॉर्न या सिक्लिडची तऱ्हा वेगळी. कपाळावरच्या टेंगळामुळे आणि वास्तूला शुभ असल्याच्या समजुतीमुळे त्याला भाव मिळतो. पण बरेच नर नापीक निघतात आणि जे नापीक नसतात ते मादीचा जीव घेतात. दोघांच्या मध्ये जाळी ठेवूनच वीण घ्यावी लागते.

उरतो ऑस्करच्या पिल्लांचा प्रश्न. महिन्याभरात ती एकमेकांना खाऊ लागतात, आकारानुसार वेगळी करावी लागतात आणि शेकड्यांनी ऑस्कर घ्यायला कुठलाच दुकानदार तयार नसतो. नदी-तलाव हा पर्याय नाही. फ्लोरिडाच्या कालव्यांत सुटलेले ऑस्कर तिथलेच होऊन बसले आहेत. जाणती माणसं म्हणून वर्षातून एखादीच वीण वाढवतात आणि पुढच्या वेळी अंड्यांचा दगड उचलून घेतात.

पुढच्या आठवड्यात : कोकण-गोव्याच्या खाड्यांतला आणि केरळचा राज्यमासा असलेला सिक्लिड, काळुंदर.