कपभर किसलेलं चीज म्हणजे नेमकं किती ग्रॅम? ऑर्डरचा हिशोब इथंच चुकतो

सोलापूर : शेंगाचटणी आणि कडक भाकरीच्या ऑर्डरी घेणारे महिला बचत गट आता चीज पराठा, पिझ्झा, सँडविचही करून देऊ लागले आहेत. रेसिपी मोबाईलवर सापडते, पण त्यात माप असतं कपाचं आणि दुकानात चीज मिळतं ग्रॅमवर. इथंच घोळ होतो.

बरेच जण सरळ हिशोब लावतात, कप 240 मिलीचा, म्हणजे चीज 240 ग्रॅम. पाण्याला हे चालतं, किसलेल्या चीजला नाही. किसात मधेमधे हवा असते. कप हलक्या हाताने भरला तर त्यात चेडर किंवा मोझरेला साधारण 113 ग्रॅमच बसतं, म्हणजे निम्म्याहूनही कमी.

ही गोष्ट आपल्याकडे नवीन नाही. मंगळवेढ्याची ज्वारी पायलीभर घ्या आणि पंढरपूरचे चुरमुरे पायलीभर घ्या, माप एकच पण वजनात केवढा फरक! 1956 च्या कायद्यानंतर शेर-पायली टप्प्याटप्प्याने बाजारातून गेली ती याच भानगडीमुळे नव्हे, देशभर एकच मापपद्धत हवी होती म्हणून. पण मापाने घेतलेल्या मालाचं वजन मालागणिक बदलतं, हे जुन्या माणसांना सांगावं लागत नसे.

आता पैशाचं बघा. दहा पराठ्यांना दोन कप चीज असं रेसिपीत असेल, तर शंभर पराठ्यांना वीस कप. 113 ने गुणलं की सव्वादोन किलोच्या आसपास होतं. 240 ने गुणलं तर 4 किलो 800 ग्रॅम. अडीच किलो चीज जादा आणलं, तर त्या ऑर्डरीत नफा कुठला उरणार? उलट दर ठरवतानाच हा आकडा धरला तर दर चढा निघतो आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जातं.

काटा नसेल तर चीज क्यूब कामाला येतो. बाजारातला नेहमीचा क्यूब 25 ग्रॅमचा असतो, पाकिटावर बघून घ्यावं. साडेचार क्यूब किसले की एक कप झाला असं समजायचं. कीस जाड की बारीक, आणि कप दाबून भरला की मोकळा, यावर वजन कमीजास्त होतं. दाबून भरलं तर चांगलंच वाढतं. म्हणून घरातली एकच वाटी ठरवावी, तीन वेळा भरून काट्यावर तोलावी, सरासरी काढून भिंतीवर लिहून ठेवावी. पनीरचं वेगळं तोलावं, कारण कुस्करलेलं पनीर आणि त्याचेच तुकडे एका वाटीत सारखे बसत नाहीत.

दूध घालणाऱ्यांना हा फरक रोजचाच. एक लिटर दूध भरतं साधारण 1 किलो 30 ग्रॅम, म्हणजे 100 किलो दूध म्हणजे 97 लिटर. पावतीवर किलो आहे की लिटर, हे बघूनच दर ताडून पाहावा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. स्वयंपाकाचा छोटा डिजिटल काटा घरच्या मापाला ठीक आहे. पनीर किंवा खवा वजनावर विकायचा असेल तर वैधमापन विभागाने तपासून शिक्का मारलेलाच काटा लागतो, आणि पाकिटबंद माल असेल तर त्यावर निव्वळ वजन छापावं लागतं.